टिश्यू डब्यात गेला, हाताचं काय?

पत्राचा सारांश: घरात पाच माणसं. पत्रलेखिका, त्यांचे पती, सासू-सासरे आणि पहिलीत जाणारी मुलगी. मुलीला वरचेवर सर्दी होते, सासऱ्यांना जुना खोकला आहे आणि ते हातरुमाल सोडायला तयार नाहीत. पत्रलेखिकेने वर्षभरात घरातली बहुतेक फडकी बाद करून टिश्यू, किचन रोल आणि ओले वाइप्स आणायला सुरुवात केली. सासूबाईंना ही नासाडी वाटते. त्यांनी स्वतःची तीन फडकी वेगळी जपून ठेवली आहेत आणि दर रविवारी त्या ती उकळतात. मध्यंतरी कमोड तुंबला, प्लंबरने आतून वाइप्सचा गोळा काढला, आणि तेव्हापासून पतीही आईच्या बाजूने बोलू लागले आहेत. पत्रलेखिका विचारतात, "कागद एकदा वापरून फेकला जातो, म्हणजे तोच जास्त स्वच्छ ना? मग मी माघार का घ्यायची? आणि हे सासूबाईंना पटवून कसं द्यायचं?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय. 'मीही काही उधळी नाही, ओटा पुसलेला किचन रोलचा तुकडा मी नळावर वाळत घालते आणि संध्याकाळी तोच पुन्हा वापरते.' सासूबाईंच्या आरोपाला उत्तर म्हणून तुम्ही हे लिहिलंत, पण मला वाटतं सगळ्या भांडणाची गाठ इथेच आहे. नळावर वाळत घातलेल्या त्या कागदाचं आता फडकं झालंय, आणि फडकं म्हणूनही तो कुचकामी आहे. कापड चोळून धुता येतं, उकळता येतं. हा तुकडा चोळायला घेतलात तर हातात चिंध्या येतील. सकाळी ओट्यावरून जे उचललं ते दिवसभर दमट कागदात बसून राहिलं आणि संध्याकाळी तुम्हीच ते पुन्हा ओट्यावर पसरवलं. शेजारी सासूबाईंचं उकळून वाळवलेलं फडकं लटकत असेल, तर त्या दोघांत जास्त स्वच्छ कोण, हे तुम्हीच ठरवा.

'कागद म्हणजे स्वच्छ, कापड म्हणजे अस्वच्छ' हे तुमचं गृहीतक मला म्हणूनच थोडं तपासून बघावंसं वाटतं. टिश्यू जंतू मारत नाही. साधा टिश्यू निर्जंतुक केलेलाही नसतो, म्हणून जखमेवर तो लावू नये. चिकटतो आणि धागे मागे ठेवतो, तिथे गॉजच हवा. टिश्यूचा खरा गुण एकच, पण मोठा आहे: घाण उचलायची आणि तिच्यासकट घराबाहेर जायचं. तो लगेच डब्यात गेला, तरच त्याला काही अर्थ. वापरून खिशात ठेवला, उशीखाली सारला, टेबलावर चुरगळून टाकला, तर तुम्ही फक्त महागडा रुमाल वापरलात.

याबद्दल 1982 साली प्रसिद्ध झालेला एक जुना, पण अजूनही उपयोगी पडणारा प्रयोग आहे. फ्लूचे विषाणू स्टील आणि प्लास्टिकवर 24 ते 48 तास तग धरून होते. कापड, कागद आणि टिश्यूवर मात्र 8 ते 12 तासांच्या आत संपले. टिश्यूवरून हातावर ते जाऊ शकत होते साधारण 15 मिनिटांपर्यंत. म्हणजे मुलीने नाक शिंकरून सोफ्यावर टाकलेला टिश्यू तुम्ही लगेच उचललात, तर हात धुवायलाच हवेत. टिश्यू हातात असला की आपला हात स्वच्छच राहिला असं मनाला वाटतं, आणि इथेच फसगत होते. तो पातळ असतो, ओला झाला की आरपार जातं. नाक पुसलं, टिश्यू टाकला, हात धुतले, हे एकच काम आहे, त्यातलं तिसरं पाऊल गाळलं तर पहिली दोन फारशी उपयोगाची नाहीत.

आता कमोडचं. इथे दोष तुमच्या एकटीचा नाही, कारण पाकिटांवर 'फ्लशेबल' असं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि या सगळ्या वस्तू दिसतातही सारख्याच. बनतात कशा ते थोडं सांगते. लगद्याचा पातळ ओला थर कारखान्यात एका भल्या मोठ्या तापलेल्या सिलिंडरवर वाळवतात आणि पात्याने खरवडून काढतात. खरवडताना त्याला अगदी बारीक चुण्या पडतात. टिश्यू उजेडासमोर धरून बघा, त्या दिसतील. या चुण्यांमुळेच तो मऊ पडतो, ताणला जातो आणि भरपूर पाणी धरून ठेवतो. इथपर्यंत नाकाचा टिश्यू, किचन रोल आणि टॉयलेट रोल यांची गोष्ट साधारण एकच आहे. फरक पुढे पडतो. टॉयलेट रोल पाण्यात लवकर भिजून सुटा व्हावा असा बनवलेला असतो. किचन रोल आणि बरेचसे फेशियल टिश्यू ओले झाल्यावरही फाटू नयेत म्हणून त्यांत राळेसारखं एक रसायन घातलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात तसेच्या तसे राहतात. आणि ओले वाइप्स तर पुष्कळदा कागद नसतातच. ते न विणलेलं कापड असतं, अनेकदा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे चक्क प्लास्टिकचे धागे घातलेलं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. झाकणाच्या तीन बरण्यांत पाणी घ्या. एकीत टॉयलेट रोलचा तुकडा, दुसरीत किचन रोलचा, तिसरीत वाइप. अर्धा तास ठेवून जोरात हलवा. पहिल्या बरणीत गढूळ लगदा झालेला दिसेल, दुसरीत तुकडा ओळखता येईल, तिसरीतला वाइप बाहेर काढून पिळता येईल. मुलीला हे करायला द्या, तिला मजा येईल आणि घरातला निकाल तिसऱ्याच माणसाकडून लागेल.

ही चूक मोठ्या प्रमाणावर झाली की काय होतं, ते लंडनमध्ये दिसलं. 2017 साली तिथल्या व्हाइटचॅपल भागाखालच्या गटारात वाइप्स, चरबी आणि तेल यांचा थिजलेला गोळा सापडला. लांबी 250 मीटर, वजन अंदाजे 130 टन. पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा संग्रहालयात काचेआड ठेवला होता आणि लोक तो बघायला गेले. तुमच्या प्लंबरने काढलेला गोळा त्याच जातीचा, आकाराने लहान. तर वाइप्स, किचन रोल, नाकाचे टिश्यू, कापूस, सॅनिटरी पॅड, यांपैकी काहीही कमोडमध्ये जाणार नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. टॉयलेट रोलही तुमची पाइपलाइन जुनी किंवा अरुंद असेल तर झाकणाच्या डब्यातच टाका.

मग टिश्यू हवेतच कशाला, असा सूर तुमच्या यजमानांनी लावला असेल तर तोही मला मान्य नाही. काही ठिकाणी कागद कापडाला सरळ मात देतो आणि तुमच्या घरात अशी निदान दोन ठिकाणं आहेत.

पहिलं म्हणजे बेसिनजवळचा नॅपकिन. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो एकच आहे, पाचही जण त्याला हात पुसतात आणि तो 'कायम ओलसर' असतो. इथे सासूबाईंच्या शिस्तीला भोक पडलंय. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा कितीतरी सहज पसरतात, त्यामुळे हात धुण्याइतकंच ते कोरडे करणं महत्त्वाचं. दमट नॅपकिनला पुसलेला हात ना धड कोरडा होतो ना धड स्वच्छ राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात धुण्याच्या पद्धतीत सगळं मिळून 40 ते 60 सेकंद धरलेत. त्यात एकदाच वापरायच्या टॉवेलने हात पूर्ण कोरडे करणं आणि त्याच टॉवेलने नळ बंद करणं, हेही येतं. ती पद्धत मुख्यतः दवाखान्यांसाठी आहे, घरात रोज एवढा कागद लागत नाही. प्रत्येकाचा वेगळा छोटा नॅपकिन, वेगळ्या खुंटीवर, रोज बदललेला, एवढं पुरतं. मात्र घरात कुणाला जुलाब, उलट्या किंवा ताप-सर्दी असेल तेवढे दिवस बेसिनवरचे सगळे नॅपकिन काढा आणि कागदाचा रोल ठेवा. बाहेर, जिथे दहा अनोळखी माणसं एकाच टॉवेलला हात पुसतात, तिथेही कागदच.

दुसरं ठिकाण सासऱ्यांचा रुमाल. दिवसभर त्यात खोकायचं, घडी घालून खिशात ठेवायचा, त्याच हाताने नातीच्या गालाला हात लावायचा. इथे टिश्यूने मोठा फरक पडेल. पण वर्षानुवर्षांची सवय 'बाबा, हे वाईट आहे' असं म्हणून सुटत नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी टिश्यूचा डबा आणि पायाने उघडणारा झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवा. कागद हाताशी आणि डबा चार पावलांवर, अशी सोय केलीत की टिश्यू पुन्हा खिशातच जाणार, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी. तरीही ते रुमालच म्हणाले, तर दिवसाला तीन रुमाल द्या, वापरलेले बाकी कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात धुवा. आणि एक गोष्ट कागदा-कापडाच्या पलीकडची: 'जुना खोकला' असं तुम्ही एका शब्दात लिहून मोकळ्या झालात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला डॉक्टरांना दाखवायचाच असतो. तो नीट तपासून घेतला नसेल, तर टिश्यू आणण्याआधी ते करा.

मुलीबद्दल. सहा वर्षांच्या मुलीला नाक शिंकरायला शिकवावं लागतं. एक नाकपुडी बोटाने दाबायची, दुसरी हळू शिंकरायची, मग बाजू बदलायची. दोन्ही एकदम जोरात शिंकरल्या तर कानात दडे बसतात. दप्तरात टिश्यूचं छोटं पाकीट द्या आणि वापरलेल्या टिश्यूंसाठी चेनची एक छोटी पिशवीही द्या, नाहीतर ते सगळे कंपासपेटीत सापडतील. टिश्यू हाताशी नसताना शिंक आली तर तळहात पुढे न करता कोपराच्या आतल्या बाजूत शिंकायचं. हे मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

तिच्या नाकाखालचा लाल चट्टा मात्र मला सर्दीपेक्षा पुसण्याचा वाटतो. तुम्ही लिहिलंय की शाळेतून आली की तिचं तोंड, हात, मान सगळं सुगंधी वाइपने पुसता. वाइप दिवसेंदिवस ओला राहावा, त्याला बुरशी लागू नये म्हणून त्यात संरक्षक रसायनं असतात. त्यांतलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्वचेला ॲलर्जी आणण्यासाठी चांगलंच बदनाम आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, तिथे हे नाव शोधा. पण त्याहून सोपं म्हणजे घरात साबण आणि वाहतं पाणी असताना वाइप वापरूच नका. वाइप प्रवासासाठी, पाणी नसेल तेव्हासाठी. नाक घासून पुसण्यापेक्षा मऊ, बिनवासाच्या टिश्यूने टिपा, आणि झोपताना नाकाखाली पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा. आठवडाभरात उतार पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

स्वयंपाकघरात मी तुमच्यापेक्षा सासूबाईंच्या जवळ आहे, पण पूर्ण नाही. सांडलेलं पाणी, भांडी, ओटा, टेबल, ही कापडाची कामं. कच्च्या मांसाचं पाणी, फुटलेलं अंडं, जमिनीवरची उलटी, ही कागदाची. तव्यातलं किंवा कढईतलं उरलेलं तेल भांडं घासायला टाकण्याआधी कागदाने पुसून घ्या. ते तेल सिंकमधून खाली गेलं तर तिथेही तुंबण्याची तयारी सुरू होते. सासूबाईंची फडकी उकळण्याची पद्धत उत्तम आहे, फक्त आठवड्यातून एकदा हे स्वयंपाकघरातल्या फडक्याला फार कमी पडतं. दमट फडक्यात जंतू एका रात्रीतही वाढतात. रोज धुऊन, पिळून, पसरून खडखडीत वाळवायचं, आणि उकळणं दोन-तीन दिवसांनी. नळावर गोळा करून ठेवलेलं फडकं वाळत नाही, मग ते कुणाचंही असो.

जंतुनाशक वाइप्सबद्दल तुम्ही विचारलंत. त्यांचा उपयोग होतो, पण पुसलेली जागा पाकिटावर लिहिलेली तेवढी मिनिटं ओली राहायला हवी. आपण पुसतो आणि लगेच कोरड्या कपड्याने चकचकीत करतो, म्हणजे औषध लावून लगेच धुऊन टाकतो. आणि संडासाच्या कडीपासून सुरू करून फ्रिजच्या दांड्यापर्यंत एकच वाइप फिरवणं म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली वाहतूक सेवा. एक वाइप, एक जागा.

संडासात कागद की पाणी, यावर घराघरांत वाद होतात, तुमच्या घरात तो नाही हे बरं आहे. पाण्याने धुतल्यावर जास्त स्वच्छ होतं, कागदाचं काम त्यानंतर टिपून कोरडं करण्याचं. ओली त्वचा तशीच कपड्यात गेली की चोळवटते आणि खाज सुटते. मुलीला पुढून मागे पुसायला आत्ताच शिकवा, मागून पुढे पुसल्याने लघवीच्या मार्गाला संसर्ग होऊ शकतो. आणि हो, चष्मा टिश्यूने पुसू नका, काचेवर ओरखडे येऊ शकतात. तुमच्या पत्रात हे नव्हतं, पण टिश्यूचा डबा घरात आला की पहिला बळी चष्म्याचा जातो असं मी पाहिलंय.

'नासाडी' या शब्दावर तुम्ही फार चिडलेल्या दिसता. पण त्यात तथ्य आहे. वापरलेला टिश्यू पुनर्वापरात जात नाही. त्याचे धागे आधीच आखूड असतात आणि त्यावर घाण असते, म्हणून तो थेट कचऱ्यात. झाडाच्या लगद्यापासून बनलेली वस्तू आपण दोन सेकंद वापरतो, तर ती दोन सेकंद खरंच गरजेची असावीत. शिवाय गरज आणि सवय यांची सरमिसळ करण्यात आपण सगळेच पटाईत. क्लीनेक्स 1924 साली बाजारात आलं ते बायकांना चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला. लोक त्यात नाक शिंकरतात हे कंपनीला नंतर कळलं, आणि मग जाहिराती बदलल्या. 2020 मध्ये श्वसनाच्या साथीला घाबरून कितीतरी देशांत लोकांनी सगळ्यात आधी टॉयलेट रोल साठवले. त्या आजाराचा आणि टॉयलेट रोलचा काय संबंध, हे रांगेतल्या माणसालाही सांगता आलं नसतं. घरात काहीतरी पांढरं, गुंडाळलेलं, न उघडलेलं असलं की सुरक्षित वाटतं, एवढंच. तुमच्या वर्षभराच्या खरेदीतही ही भीती थोडी असावी, असं मला पत्र वाचताना वाटलं. मूल सारखं आजारी पडत असलं की असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिलीतल्या मुलांना वर्षातून बऱ्याचदा सर्दी होतेच, अगदी काटेकोर घरातल्याही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सासूबाईंना पटवायचं कसं. मला वाटतं पटवायला जाऊच नका. तुम्ही लिहिता की फडकी तुम्ही 'बाद केलीत'. कुणाला विचारून? जे स्वयंपाकघर त्यांनी इतकी वर्षं चालवलं, तिथली त्यांची व्यवस्था एका दुपारी पिशवीत भरून बाहेर गेली. उरलेली तीन फडकी त्या जपतात ती कापडाच्या प्रेमापोटी असतील असं मला वाटत नाही. तेव्हा आधी तुमच्या बाजूचं सोडा. किचन रोल ओट्यावरून काढा, तो कपाटात राहू दे, वर सांगितलेल्या कामांपुरता. वाइप्स प्रवासाच्या बॅगेत. 'आई, ओट्याला तुमची फडकीच बरी, आणखी चार शिवूया का?' असं विचारा, आणि हे फक्त गोड बोलणं म्हणून नको, कारण ते खरंच बरं आहे. नॅपकिनचं आणि बाबांच्या रुमालाचं त्यानंतर काढा, एका वेळी एकच. नॅपकिन आधी घ्या, तो सोपा आहे आणि त्यात कुणाची सवय दुखावत नाही. रुमालाचं तुम्ही बोलण्याऐवजी सासूबाईंना बोलू द्या. त्यांचं ते ऐकतात असं तुम्हीच लिहिलंय.

यजमानांशी वेगळं बोला. ते आईच्या बाजूने की तुमच्या, हा मुद्दा बाजूला ठेवून त्यांना एक काम द्या. टिश्यू वापरायचे म्हणजे घरात झाकणाचे तीन डबे आले: सासऱ्यांच्या खुर्चीशी, बेसिनपाशी आणि संडासात. ते रोज रात्री रिकामे झाले नाहीत तर वर लिहिलेल्या कशाचाच उपयोग नाही. ते काम सध्या तुमच्याकडेच येणार हे मला पत्रावरून दिसतंय, म्हणून डबे विकत घेण्याआधीच ठरवून टाका की ते त्यांचं.